खरवडलं गेलेलं अस्तर

भिवंडीत आमच्या घरी आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात सॉर्बिट्रेटच्या गोळ्या कायम असत. छातीत दुखलं की एक जिभेखाली. ही गोळी नायट्रेट घराण्यातली. थोरलं भावंड नायट्रोग्लिसरीन, म्हणजे डायनामाइटमधलंच. लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये ते छातीच्या कळांवर वापरल्याचं लिहिलं. खुद्द आल्फ्रेड नोबेलना डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. रक्तवाहिन्या त्याने सैलावतात हे दिसत होतं. का, ते जवळपास शंभर वर्षं कळलं नाही.

पूर्ण उत्तराची वाट एका चुकीतून निघाली. ब्रुकलिनमधले रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर औषधं तपासत. ॲसिटिलकोलीनने पट्टी आकसते, असं त्यांनी १९५३ मध्ये छापलं. जिवंत शरीरात मात्र त्यानेच रक्तदाब उतरतो! ही विसंगती पंचवीस वर्षं तशीच पडून राहिली. १९७८ मध्ये त्यांचे तंत्रज्ञ डेव्हिड डेव्हिडसन प्रयोगाचा ठरलेला क्रम चुकले, आणि तशाच एका औषधाने धमनी आकसण्याऐवजी सैलावली. फर्चगॉट त्या चुकीच्या मागे लागले. पट्टी कापताना तिची आतली बाजू घासली जाई आणि एका पेशीच्या जाडीचं अस्तर निघून जाई. इतकी वर्षं ते अस्तर उडालेल्या पट्ट्याच तपासत होते. (टेस्ट करण्याआधी आपणच फाइल डिलीट केलेली असावी, तसं.)

मग त्यांनी खरवडलेली पट्टी अस्तर शाबूत असलेल्या पट्टीला चिकटवून ठेवली. आता ॲसिटिलकोलीन दिल्यावर खरवडलेलीही सैलावली. म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपून शेजारच्या स्नायूपर्यंत पोचत होतं. १९८० मध्ये हे ‘नेचर’मध्ये आलं, आपलं जुनं निरीक्षण अपुरं होतं, हे ते छापणाऱ्यानेच दाखवलं.

ते ‘काहीतरी’ नायट्रिक ऑक्साइड असावं, असं १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी वेगवेगळं सुचवलं. साल्व्हादोर मोंकादांच्या गटाने १९८७ मध्ये ते मोजून दाखवलं. नायट्रोग्लिसरीनमधून हाच वायू सुटतो, हे फरीद मुराद यांनी आधीच ओळखलं होतं. आजोबांची गोळी बाहेरून जे पुरवत होती, ते अस्तर स्वतःच बनवतं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो, मुराद यांना मिळालं. मोंकादा राहिले, ते मला अजून खटकतं.

पण गोष्ट महाधमनीपाशी थांबत नाही. रक्तदाब मुख्यतः ठरतो तो बारीक धमन्यांत, आणि तिथे नायट्रिक ऑक्साइड अडवलं तरी धमनी बरीचशी रुंदावते. अस्तराच्या पेशींचा विद्युतदाब बदलतो आणि तो बदल सूक्ष्म जोडण्यांतून स्नायूपर्यंत जातो, असं एक स्पष्टीकरण आहे. पोटॅशियम, हायड्रोजन पेरॉक्साइड असे इतर दावेदारही आहेत. कुठल्या धमनीत कोणाचं चालतं, यावर वाद अजून मिटलेला नाही.