सिबिल स्कोअर कमी असेल, तर कारचा विमा महाग होतो का?

नांदेड किंवा लातूरमध्ये पहिली कार घेणाऱ्या तरुणाला शोरूममध्ये गाडीची किंमत, कर्जाचा हप्ता आणि विम्याचा प्रीमियम असे तीन आकडे एकाच कोटेशनवर मिळतात. त्यामुळे सिबिल स्कोअर कमी असेल तर विमाही महाग पडणार, असा अनेकांचा समज होतो. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून तो आणखी पक्का होतो. भारतात मात्र गणित वेगळं आहे.

अमेरिकेत काय होतं?

तिथल्या बहुतेक राज्यांत विमा कंपन्या प्रीमियम ठरवताना ग्राहकाचा कर्जफेडीचा इतिहास पाहतात. तरुणांचा हा इतिहास छोटा असतो आणि वाहन चालवण्याचा अनुभवही कमी, म्हणून त्यांना दुहेरी फटका बसतो. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई या राज्यांत मात्र कारविम्यासाठी क्रेडिट इतिहास वापरता येत नाही.

भारतात प्रीमियम कसा ठरतो?

कारविम्याचे मुख्य दोन भाग असतात.

थर्ड पार्टी विमा: हा कायद्याने सक्तीचा आहे. त्याचा दर कंपनी नाही, तर केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारसाठी वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, शिवाय जीएसटी. मालक २१ वर्षांचा असो की ६० वर्षांचा, सिबिल ५५० असो की ८००, हा दर सारखाच. नव्या कारसाठी हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो.

ओन डॅमेज विमा: आपल्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हा भाग. इथे दर कंपनीनुसार बदलतो. गाडीची विमा किंमत म्हणजे आयडीव्ही, इंजिन, गाडीचं वय, नोंदणीचं ठिकाण आणि आधीचे क्लेम यांवर तो मुख्यतः अवलंबून असतो. मुंबई, पुण्यासारखी आठ महानगरं ‘अ’ विभागात येतात, तर एमएच २४ लातूर आणि एमएच २६ नांदेड ‘ब’ विभागात. ‘ब’ विभागाचा मूळ दर थोडा कमी असतो.

आणखी एक कारण आहे. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार प्रीमियम आधी जमा झाल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. त्यामुळे उधारी थकण्याचा प्रश्नच फारसा येत नाही.

मग सिबिलचा फटका कुठे बसतो?

कर्जात. समजा, ६ लाखांचं कर्ज ५ वर्षांसाठी घेतलं. व्याज ९ टक्के असेल तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये, १२ टक्के असेल तर सुमारे १३,३४७ रुपये. पाच वर्षांत फरक ५३ हजारांहून जास्त. म्हणजे सिबिलमुळे गाडी महाग पडते, पण व्याजाच्या रकान्यात. म्हणून कोटेशनमधले आकडे वेगवेगळे मागून घ्यावेत. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे, असं बंधन नाही.

तरुणांनी खरं कशाला जपावं?

नो क्लेम बोनस: क्लेम न केल्यास ओन डॅमेज प्रीमियमवर पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के सूट मिळते. क्लेम केला की ती साधारणपणे शून्यावर येते. म्हणून बंपरच्या किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी हिशोब करावा. ही सूट गाडीला नाही, मालकाला मिळते. जुनी गाडी विकून नवी घेतली तरी ती पुढे नेता येते.

नूतनीकरणाची तारीख: पॉलिसी संपून ९० दिवसांपेक्षा जास्त काळ गेला, तर साठवलेली सूट जाते. विम्याशिवाय गाडी चालवताना पहिल्यांदा सापडल्यास २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

याहून मोठा धोका कर्ज चालू असताना असतो. गाडीवर बँकेचा बोजा असेल आणि ती अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विम्याच्या रकमेतून आधी बँकेचं देणं फिटतं. ओन डॅमेज विमा संपलेला असेल, तर गाडी जाते आणि हप्ते मात्र राहतात. ते थकले की सिबिल घसरतं. कमी सिबिलमुळे विमा महाग होत नाही, पण विमा चुकला तर सिबिल बिघडू शकतं.

सिबिल कसं तपासावं?

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. कर्जाचा अर्ज करण्याआधी रिपोर्ट पाहावा. त्यात चूक असेल तर तक्रार करता येते. ती ३० दिवसांत सुटली नाही, तर त्यापुढे रोज १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.