दफ्तर बदलताना

एखाद्या पेढीने, साखर कारखान्याने किंवा सहकारी बँकेने आपले सारे हिशेब जुन्या संगणक-प्रणालीतून नव्या प्रणालीत न्यावयाचे ठरविले, म्हणजे सल्लागार येतात, तक्ते आखले जातात, जुन्या कोणत्या रकान्यातील मजकूर नव्या कोणत्या रकान्यात जाणार याच्या याद्या होतात, आणि असा प्रसंग मनुष्यजातीवर प्रथमच ओढवला आहे अशा थाटात सर्वांची धावपळ सुरू होते. वस्तुतः हिशेबांचे हे स्थलांतर आपल्या मुलखाला मुळीच नवे नाही. गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्रातील जमिनीचे दफ्तर बिघ्यांतून एकरांत, मोडीतून बालबोधीत, आणे-पैंतून नव्या पैशांत, एकर-गुंठ्यांतून हेक्टर-आरांत आणि अखेरीस कागदावरून संगणकात गेले. आणि या प्रत्येक स्थित्यंतराची कागदपत्रे चाळताना असे दिसते की, आकडे उतरवून घेण्यात जेवढा घोटाळा झाला त्याहून कितीतरी अधिक घोटाळा, जे दफ्तरात लिहिलेलेच नव्हते, केवळ दफ्तर राखणाराच्या ध्यानात होते, ते विचारून न घेतल्यामुळे झाला.

पेशवाईतील हुजूर दफ्तराचे दोन मोठे विभाग होते. चालते दफ्तर फडणिसांच्या देखरेखीखाली हुजुरांबरोबर असे आणि एल बेरीज दफ्तर पुण्यात राही. या दुसऱ्या दफ्तरात महालोमहालीच्या हिशेबांचे वर्गीकरण होऊन ताळेबंद, घडण्या, तर्जुमे आणि खतावण्या तयार होत, व एका वर्षाचा जमाखर्च मागील वर्षांच्या जमाखर्चाशेजारी मांडून पाहण्याची शिस्त तेथे होती. परंतु कितीही शिस्तीचे असले तरी ते बेरजांचे दफ्तर होते. अमुक थळाचा बांध कोठून कोठवर, मिरासदार परागंदा झाल्यावर त्याची जमीन कोणी कसली, गावी बिघा म्हणून म्हणतात तो प्रत्यक्षात केवढा, ही माहिती कुलकर्ण्याच्या बस्त्यात, आणि त्याहूनही अधिक पाटील-कुलकर्ण्यांच्या तोंडी असे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या, मक्तेदाराला आपल्या मुदतीपलीकडच्या हिशेबाशी कर्तव्य उरले नाही, आणि रुमालांत बांधलेले दफ्तर व शेतातील वस्तुस्थिती यांची फारकत होत गेली. 1818 साली कंपनी सरकारच्या हाती जे दफ्तर आले ते हे. कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने नव्या मुलखात पाटील, कुलकर्णी आणि गावगाडा यांना शक्य तोवर हात लावला नाही, याचे श्रेय त्याच्या औदार्याला देण्याची वहिवाट आहे. मला त्यात हिशेबी सावधगिरीही तितकीच दिसते, कारण नव्या सरकारला जुने दफ्तर वाचून दाखविणारी माणसे हवी होती, आणि ती गावातच होती.

ही सावधगिरी पुढील पिढीच्या एका विद्वान अधिकाऱ्याला उरली नाही. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा हेलीबरी येथे माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकून आलेला तरुण मुलकी अधिकारी. 1820 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने पुणे प्रांताची मोजणी आणि प्रतबंदी हाती घेतली, आणि जमिनीच्या प्रत्येक प्रतीचे स्थूल उत्पन्न काढून, लागवडीचा सारा खर्च त्यातून वजा करून, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा 55 सरकारचे, असा सिद्धान्त त्याने ठरविला. सिद्धान्त म्हणून तो निर्दोष होता. परंतु बैलजोडीचा खर्च, बी-बियाणे, मजुरी आणि पीक यांचे जे हजारो आकडे या गणितात घालावयाचे, ते गोळा करणाऱ्या कारकुनांवर देखरेख अपुरी होती. कोठे लाच देऊन प्रत उतरली, कोठे न दिल्यामुळे चढली, आणि चुकीच्या आकड्यांवर इतके सूक्ष्म गणित झाले की, निष्पत्तीच्या नेटकेपणामुळेच मुळातील चूक कोणाच्या लक्षात येईना. त्यातच धान्याचे भाव कोसळले. इंदापूर तालुक्यात नांगरटीच्या जमिनी पडीत पडू लागल्या आणि कुळे गाव सोडून निजामाच्या हद्दीत गेली. हिशेब नव्या रचनेत अत्यंत सुबकपणे गेला होता. फक्त तो ज्यांचा होता ती माणसे निघून गेली होती.

1835 साली इंदापुरातच गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुन्हा आरंभ केला, आणि त्यांचे काम टिकले. ते का टिकले, हे पाहण्याजोगे आहे. प्रथम त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा सिद्धान्त बाजूस सारला, आणि त्या भागात पूर्वी किती आकार होता, त्यातील प्रत्यक्ष वसूल किती झाला, सूट किती द्यावी लागली, भाव काय होते, याचा मागील वर्षांचा आढावा घेऊन एकंदर सारा ठरविला. मग तो सारा जमिनीच्या सापेक्ष प्रतीप्रमाणे शेताशेतावर वाटून दिला. म्हणजे नव्या दफ्तराची बेरीज जुन्या दफ्तराच्या अनुभवाशी आधी जुळली, तपशील नंतर आला. प्रत ठरविण्यासाठी मातीचा रंग, पोत आणि खोली हीच गमके घेतली आणि त्यांचे मूल्य सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत लावले. कोणताही शेतकरी कुदळीने खड्डा खणून ते पडताळून पाहू शकत असे, आणि हाच त्यातील शहाणपणाचा भाग होता.

बिघ्याचे एकर करताना जी अडचण आली ती तर प्रत्येक नव्या प्रणालीत येते. कागदोपत्री वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चाहूर असे साधे कोष्टक होते. कोष्टकच खरे मानले असते तर एका गुणाकाराने सारा महाल एकरांत जाता. परंतु कित्येक गावांत बिघा हे क्षेत्राचे माप राहिलेच नव्हते. हलक्या जमिनीचा बिघा मोठा आणि कसदार जमिनीचा लहान धरून साऱ्याची समता साधण्याची रीत पडली होती, आणि ती कोठेही लिहिलेली नव्हती. म्हणून गुणाकार सोडून शेतेच पुन्हा मोजावी लागली. 33 फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, प्रत्येक नंबराच्या सीमेला बांध आणि धोंडे, आणि हाताखालच्या माणसाने केलेल्या मोजणीतील काही शेते वरिष्ठाने स्वतः पुन्हा मोजून पाहावयाची, अशी ही पद्धती 1847 च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झाली, व आकारणी तीस वर्षांकरिता कायम करण्यात आली. काम मंद गतीने चालले अशी तक्रार त्या वेळीही होती. मंद गतीने चालले म्हणूनच ते झाले, असे माझे मत आहे.

दफ्तरातील एका नोंदीच्या अभावी काय होते, याचा कडू प्रत्यय पुढे इनामदारांना आला. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि सनदा व जुने दफ्तर ताडून पाहण्याचे काम सुरू झाले. तेव्हा घरातील पिढीजात उपभोग सर्व गावाला ठाऊक असूनही कागद न सापडल्यामुळे अनेकांची इनामे गेली.

मोजणीने शेत ठरले, सारा कोण भरतो हेही ठरले. पण शेतावर कोणाचा काय हक्क आहे, गहाण कोणाकडे, हिस्से किती, ही बाजू दीर्घकाळ अपुरीच राहिली. ती उणीव मुंबई इलाख्यात 1903 च्या हक्कनोंदणीच्या कायद्याने भरून काढण्यास प्रारंभ झाला, आणि अँडरसन या अधिकाऱ्याने बांधून दिलेल्या गावनमुन्यांच्या व्यवस्थेतून सहाव्या नमुन्यातील फेरफार, सातव्यातील अधिकार, बाराव्यातील पिके आणि आठ-अ मधील खाते, असे आज खेड्यातील पोरालाही पाठ असलेले अंक रूढ झाले. याच सुमारास सरकारी लिखाणातून मोडी मागे पडू लागली. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतन संपुष्टात आले आणि वाड्यातील माळ्यावरचे बस्ते तलाठ्याच्या सज्जात गेले. बस्ते गेले, कोणत्या कागदाची गाठ कोणत्या कागदाशी, हे सांगणारा मात्र कित्येक ठिकाणी त्यांच्याबरोबर गेला नाही.

मापे आणि नाणी बदलली तेव्हाची कथा थोडक्यात सांगता येते. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा पैसे, पण नाण्यात पाव पैसा नाही, म्हणून एक आणा म्हणजे सहा आणि तीन आणे म्हणजे एकोणीस पैसे असे कोष्टक छापून द्यावे लागले. ज्याने तिघांचा एकेक आणा वेगवेगळा उतरविला त्याची बेरीज अठरा आली, ज्याने एकत्र उतरविला त्याची एकोणीस. जमिनीच्या हेक्टर-आरांतही हेच. 45 गुंठ्यांचे पूर्ण आरात 46 होतात, पण त्याच जमिनीचे पंधरा-पंधरा गुंठ्यांचे तीन पोटहिस्से स्वतंत्रपणे उतरविले, तर प्रत्येकाचे पंधरा आर धरून एकूण 45 च भरतात. उरलेला आर कोणाचा, या प्रश्नावर भाऊबंदकीत किती काठ्या उठल्या असतील कोण जाणे! आकारबंदाचे क्षेत्र आणि सातबारांच्या क्षेत्रांची बेरीज यांचा मेळ न बसण्याची कारणे अनेक आहेत. हे त्यांतील सर्वांत निरुपद्रवी दिसणारे.

संगणकाचा प्रवेश 1988-89 साली केंद्र सरकारच्या योजनेने झाला. आरंभीच्या प्रायोगिक आठ जिल्ह्यांत महाराष्ट्रातील वर्धा होता. पुढील टप्प्यांत राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारा यंत्रात भरावयाचे होते, आणि ते भरताना हस्तलिखिताचे खरे स्वरूप उघडे पडले. तलाठी दर दहा वर्षांनी नवा सातबारा हाताने लिहीत असे. ज्याचा हक्क संपला त्याचे नाव तो खोडीत नसे, कंसात घेत असे. फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत असे. आणि ‘इतर हक्क’ या एका रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा, वहिवाटीची वाट, बहिणींचे हक्क, जे जे अन्यत्र मावत नाही ते सारे लिहून ठेवीत असे. नावाआधीच्या ‘ए.कु.मॅ.’ या तीन अक्षरांत एकत्र कुटुंबाच्या मॅनेजराची सारी कायदेशीर स्थिती सामावलेली असे, आणि गट नंबरापुढील ‘पैकी’ या शब्दात एखादी अर्धवट राहिलेली वाटणी. माणसाच्या डोळ्याला या खुणांचा अर्थ कळे. यंत्राच्या रकान्याला ‘खात्याचा प्रकार कोणता’ आणि ‘प्रत्येकाचे क्षेत्र किती’ याचे निश्चित उत्तर हवे होते; आणि विषयाचा गंध नसलेला मनुष्य नोंदी करावयास बसला की, कंसातील मयत आजोबा पुन्हा मालक होत आणि बोजा वाटेत गळून पडे.

हा दोष पुढे ओळखला गेला, हे मान्य केले पाहिजे. ई-फेरफार प्रणाली आणताना भरलेली माहिती जशीच्या तशी पुढे न ढकलता, तलाठ्याने हस्तलिखित समोर ठेवून ती दुरुस्त करावी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार यांनी पायरीपायरीने तपासून घोषणापत्रे द्यावीत, अशी योजना झाली. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून तलाठी रात्र-रात्र जागून हे काम करीत, ही गोष्ट महसूल खात्यात सर्वांना ठाऊक आहे. परंतु या साऱ्या उपक्रमातील सर्वांत शहाणी गोष्ट सर्वांत जुनी होती. 2017 साली चावडीवाचन झाले: संगणकातील सातबारा गावापुढे मोठ्याने वाचावयाचा आणि ज्याचे चुकले असेल त्याने उठून सांगावयाचे. ते अनेक ठिकाणी उपचारापुरतेच उरकले गेले हे खरे. तरी ज्याच्या नावची नोंद आहे त्याने ती ऐकल्यावाचून नवे दफ्तर प्रमाण मानू नये, हे तत्त्व सरकारने निदान एकदा मान्य केले. 1 मे 2018 पासून तलाठ्याच्या डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

आज ज्या पेढीला आपली खाती, येणी, मालसाठा आणि कामगारांची नावनिशी नव्या प्रणालीत न्यावयाची आहे, तिच्या चालकांनी या इतिहासातून इतके घ्यावे की, तक्ता आखण्यापूर्वी जुना मुनीम किंवा साठ्याची वही राखणारा कारकून यांना बोलावून त्यांच्या कंसांचा अर्थ विचारावा, बाद खाती जुन्या जागीच निवडून काढावीत, दोन्ही दफ्तरांच्या बेरजा काही महिने शेजारी-शेजारी चालवाव्यात, आणि ज्या ग्राहकाचे खाते आहे त्याच्याकडे उतारा पाठवून त्याचा होकार घ्यावा. एखादी तिमाही अधिक लागली तरी ती सोसावी. विंगेटला इंदापुरात प्रिंगलचे काम नव्याने करावे लागले, त्याचा खर्च यापेक्षा पुष्कळच होता.

आणि ज्या वाचकाच्या नावे कोठेतरी दोन-चार गुंठे असतील त्याने, विशेषतः तो मुंबई-पुण्यास राहून वर्षानुवर्षे गावी गेला नसेल तर, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून आपला जुना हस्तलिखित सातबारा आणि त्यातील फेरफारांच्या नकला काढाव्यात, नवा उतारा शेजारी ठेवून नाव, क्षेत्र, आकार आणि इतर हक्क हे चार रकाने ओळीने ताडून पाहावेत. आणि लेखनप्रमाद आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 155 अन्वये तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. जुने हस्तलिखित वाचू शकणारी माणसे अद्याप गावात आहेत, तोवर हे काम उरकून घेणे बरे.