तेल खाणारे जिवाणू आणि मुंबईची खारफुटी

१/ ७ ऑगस्ट २०१०. मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या मालवाहू जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. खारफुटीच्या मुळांवर काळा थर चढला आणि मासळी खावी की नाही, या शंकेने कोळीवाडे धास्तावले.

२/ किनारा स्वच्छ करण्यासाठी ‘टेरी’ संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ वापरले गेले. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीत मिसळलेले हे तेलभक्षी जिवाणू होत.

३/ या कल्पनेला मोठा इतिहास आहे. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी प्रयोगशाळेत घडवलेल्या तेलभक्षी जिवाणूचे पेटंट अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ग्राह्य धरले. मात्र १९८९ मध्ये ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाजाचे तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरले, तेव्हा उपयोगी पडले ते तेथलेच जिवाणू. त्यांना नत्र-स्फुरदयुक्त खत पुरवले गेले, इतकेच.

४/ हे जिवाणू प्राणवायूच्या साहाय्याने तेलातील हायड्रोकार्बनचे विघटन करतात. अखेरीस कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. खारफुटीच्या चिखलात मात्र पृष्ठभागाच्या थोडे खालीच प्राणवायू संपतो. तेथे मुरलेले तेल वर्षानुवर्षे टिकू शकते.

५/ म्हणूनच तेल चिखलात मुरण्यापूर्वी अडवणे आणि उपसणे, हे माणसाचे काम. जिवाणूंची पाळी त्यानंतर येते.