ही सीट कुणाची? ऑप्टिमस प्राइमच्या पोटातला इतिहास

या भागात अधूनमधून खट्‌ खट्‌ असा आवाज येतोय ना, तो माइकचा दोष नाही. माझ्यासमोर टेबलावर ऑप्टिमस प्राइम उभा आहे आणि बोलता बोलता मी त्याचा ट्रकचा रोबो आणि रोबोचा ट्रक करतोय. ज्यांनी भाग ऐकलाय त्यांची माफी. वाचणाऱ्यांची सुटका झाली.

हे १९८४ च्या खेळण्याच्या साच्यावरून पुन्हा काढलेलं खेळणं आहे. खरं तर मी साधा रिव्ह्यू करणार होतो. चांगलं काय, वाईट काय, पैसे वसूल होतात का, एवढंच. पण रविवारी माझी सात वर्षांची भाची घरी आली होती. तिनं ट्रकच्या केबिनच्या काचा उघडल्या, आत डोकावली आणि विचारलं, "मामा, हा तर स्वतःच चालतो ना? मग आत बसायला जागा कुणासाठी?"

मी गप्प. कारण प्रश्न बरोबर होता. ऑप्टिमस प्राइम जिवंत आहे, ही तर सगळ्या गोष्टीची पहिली अट. तो बोलतो, चिडतो, दुःखी होतो. त्याच्या छातीत ड्रायव्हरची जागा कशाला हवी?

तर आजचा भाग त्या जागेबद्दल.

आधी रिव्ह्यू उरकून घेऊ. ट्रक म्हणून खेळणं झकास आहे. लाल केबिन, निळ्या पट्ट्याचा ट्रेलर, रबरी टायर. हातात वजन जाणवतं. रोबो म्हणून मात्र आजच्या मानानं अगदीच ताठ. मान वळत नाही, धावण्याची पोझ तर विसराच. हाताच्या मुठी वेगळ्या, त्या बाहेरून खोचायच्या आणि तिसऱ्या दिवशी सोफ्याखाली हरवायच्या. रोबो झाल्यावर ट्रेलरचं काय करायचं, याचं उत्तर नाही. तो बाजूला पडून राहतो. हं, तो उघडला की त्याचा तळ होतो, आत एक छोटी गाडी असते आणि एक यांत्रिक हात. त्या हातालाही एक इवलीशी कॉकपिट आहे. म्हणजे तिथेही कुणीतरी बसायचं होतं!

मी दिवसभर कोड लिहितो. जुन्या कोडमध्ये असा एखादा तुकडा सापडतो की जो कशालाच वापरला जात नाही, पण काढायची कुणाची हिंमत होत नाही. त्याचा अर्थ एकच असतो: हे सगळं आधी दुसऱ्याच कशासाठी तरी लिहिलं होतं. इथेही तेच झालंय.

चला, जपानला जाऊ.

ताकारा ही टोकियोची खेळण्यांची कंपनी. १९७० च्या आसपास तिनं अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीकडून जी. आय. जो या सैनिक बाहुल्याचं लायसन्स घेतलं. बारा इंची, कपडे बदलता येणारा बाहुला. पण जपानी मुलांना अमेरिकन सैनिकापेक्षा टीव्हीवरचे रूप बदलणारे वीर जास्त आवडत होते. मग ताकारानं १९७२ मध्ये त्याच शरीरावरून पारदर्शक प्लास्टिकचा एक सायबॉर्ग काढला, आतली यंत्रं दिसणारा. पुढच्या वर्षी तेलसंकट आलं. प्लास्टिक तेलापासून बनतं, ते महागलं आणि बारा इंची बाहुला परवडेना. उपाय काय? बाहुला लहान करा. १९७४ मध्ये आला मायक्रोमॅन, उंची साधारण १० सेंटीमीटर.

आता गंमत बघा. बाहुला लहान केला तो खर्चासाठी, पण गोष्ट अशी रचली की हे मुळातच लहान आकाराचे जीव आहेत आणि आपल्या जगात राहतात. अडचण होती तिचीच गोष्ट केली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८० मध्ये ताकारानं दुसरी मालिका आणली, डायक्लोन. यात माणसं आणखी लहान, सुमारे ३ सेंटीमीटरची, पायात चुंबक असलेली. ती मोठाल्या यंत्रांमध्ये बसून ती चालवायची. १९८२ पासून या मालिकेत खऱ्याखुऱ्या गाड्यांचे रोबो आले: लॅम्बोर्गिनी काउंटाक, लान्सिया स्ट्रॅटोस, निस्सान फेअरलेडी. आणि नंतर एक ट्रक, नाव बॅटल कॉन्व्हॉय. हाच आपला ऑप्टिमस. तेव्हा तो जिवंत वगैरे काही नव्हता. तो एक वाहन होता, आणि वाहनाला ड्रायव्हर लागतोच. सीट त्याची!

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. मायक्रोमॅनच्या मालिकेतही १९८३ च्या सुमारास रूप बदलणारी खेळणी आली, मायक्रो चेंज नावानं. इथे तर्क वेगळा होता. मायक्रोमॅन तुमच्या घरात लपून राहतो, म्हणून त्याचे रोबो घरातल्या वस्तूंची रूपं घेतात, आणि तीही खऱ्या मापात. कॅसेट प्लेअर, कॅसेट, पिस्तूल. आणि एक गुबगुबीत फोक्सवॅगन बीटल, जी खऱ्या गाडीची नक्कल नव्हतीच. ती ताकाराच्याच चोरो-क्यू या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांसारखी होती. म्हणजे खेळण्याचं सोंग घेतलेलं खेळणं. पुढे तिचंच नाव झालं बम्बलबी.

लहानपणी तुम्हाला हा प्रश्न पडला असेल बघा: मेगाट्रॉन पिस्तूल झाला की एकदम दुसऱ्याच्या मुठीत मावण्याइतका लहान कसा होतो? साउंडवेव्ह, एवढा धिप्पाड, तो टेपरेकॉर्डर कसा होतो? उत्तर कथेत शोधू नका. एक मालिका लहान केलेल्या गाड्यांची, दुसरी खऱ्या मापाच्या वस्तूंची. दोन वेगळे प्रोजेक्ट एकाच फोल्डरमध्ये टाकले आणि मापं जुळवायची राहून गेली.

ती एका फोल्डरमध्ये टाकली कुणी? हॅस्ब्रोनं. यात एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, हेन्री ओरेनस्टाइन. जन्म १९२३, पोलंड. ज्यू कुटुंब. नाझींच्या पाच छळछावण्यांतून तो जिवंत राहिला, आई-वडील मारले गेले. छावणीत ज्यू शास्त्रज्ञांची एक तुकडी बनवत होते, त्यात यानं स्वतःला आणि भावंडांना घुसवलं. शास्त्रज्ञ नव्हताच तो. युद्धानंतर अमेरिकेत येऊन खेळण्यांच्या धंद्यात शिरला, मोठा झाला, बुडाला, पुन्हा उभा राहिला. जपानी रूप बदलणारी खेळणी पाहून हॅस्ब्रोला ताकाराशी करार करायला लावण्यात त्याचा मोठा वाटा होता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये, ९८ व्या वर्षी तो गेला. दुसरं रूप घेऊन जीव वाचवणं ज्यानं प्रत्यक्ष केलं होतं, त्याला हे खेळणं इतकं का आवडलं असेल, याचा मी उगाच विचार करत बसतो. असो.

हॅस्ब्रोनं खेळणी घेतली, पण डायक्लोन आणि मायक्रोमॅनच्या गोष्टी नाही घेतल्या. चालक काढून टाकले. का? कंपनीला जी. आय. जोचा ताजा अनुभव होता. १९८२ मध्ये जो लहान आकारात परत आला, सोबत मार्व्हलचं कॉमिक, आणि तो जोरात चालला. तेव्हा हॅस्ब्रो पुन्हा मार्व्हलकडे गेली. जिम शूटरनं मूळ कथा लिहिली: एका यंत्रग्रहावरचं युद्ध, दोन बाजू, सगळे जिवंत. डेनिस ओ'नील यानं ऑप्टिमस प्राइम हे नाव दिलं. आणि बॉब बुडियान्स्की या संपादकानं बाकी बहुतेकांची नावं ठेवली, स्वभाव लिहिले. कोण भित्रा, कोण गर्विष्ठ, कोणाला आपल्या नेत्याची जागा हवी. मेगाट्रॉन हे नाव आधी नाकारलं गेलं होतं, फार भीतीदायक वाटतं म्हणून! त्यावर बुडियान्स्कीचं म्हणणं, अहो तो खलनायक आहे, भीतीदायकच हवा ना.

हे स्वभाव खोक्याच्या मागे छापले जायचे. शेजारी ताकद, बुद्धी, वेग, धैर्य असे आलेख, आणि ते वाचायला लाल प्लास्टिकची पट्टी. मला वाटतं खरा बदल तिथे झाला. साचा तोच, रंग जवळपास तेच, पण खोक्याच्या मागच्या चार ओळींनी वाहनाचं कुणीतरी झालं. आणि त्याच क्षणी सीट रिकामी झाली.

मग टीव्ही. एफसीसी म्हणजे अमेरिकेत प्रसारणावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था. १९६९ मध्ये हॉट व्हील्स गाड्यांवरच्या कार्टूनबाबत तिची भूमिका होती की हा कार्यक्रम कसला, ही तर लांबलचक जाहिरात. रेगन यांच्या काळात वारं फिरलं. १९८४ मध्ये जाहिरातींच्या वेळेवरच्या मर्यादाही उठल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ट्रान्सफॉर्मर्सचं कार्टून सुरू झालं. ते बनवणारी सनबो कंपनी हॅस्ब्रोच्या जाहिरात एजन्सीचीच शाखा होती. लपवाछपवी नाही, सरळ धंदा.

आता मुख्य मुद्दा. ज्याला रोज अर्धा तास जाहिरात म्हणून दाखवत होते, त्याला मुलं जाहिरात म्हणून बघत नव्हती. ऑप्टिमसला आवाज दिला पीटर कलननं. त्याचा भाऊ मरीन सैनिक होता, व्हिएतनाममध्ये लढलेला. कलननं अनेकदा सांगितलंय की ऑडिशनला निघताना भावानं सल्ला दिला, खरा वीर ओरडत नाही, बळ असूनही मृदू राहतो. तो आवाज त्या भावाचा आहे. घरी वडील कमी बोलत असतील किंवा नसतीलच, अशा कितीतरी मुलांना तो आवाज दररोज ऐकू येत होता.

आणि मग ८ ऑगस्ट १९८६. ट्रान्सफॉर्मर्सचा पहिला सिनेमा. हॅस्ब्रोचा हिशेब साधा होता: १९८४ ची खेळणी विकून झाली, नवी दुकानात आणायची, तर जुन्या पात्रांना बाजूला करा. सिनेमा सुरू होऊन थोडाच वेळ होतो आणि जुनी पात्रं एकामागून एक मरू लागतात. आयर्नहाइड, प्राउल, रॅचेट. आणि मग ऑप्टिमस. पडद्यावर त्याचा रंग जातो, तो करडा होतो.

थिएटरमध्ये मुलं रडली. आई-बाप चिडले, पत्रं आली. कंपनीतल्या लोकांना खरंच धक्का बसला. त्यांच्या दृष्टीनं यादीतला एक माल बंद झाला होता. धसका एवढा की पुढे येणाऱ्या जी. आय. जोच्या सिनेमात ड्यूक नावाचं पात्र मरणार होतं, ते ऐनवेळी कोमात घातलं. १९८७ मध्ये ऑप्टिमसला कार्टूनमध्ये परत जिवंत केलं.

मला या प्रसंगात खलनायक दिसत नाही, आणि तेच जास्त बोचतं. कारण मीही हे केलंय. दीड वर्षापूर्वी आमच्या टीमनं एक जुनं अ‍ॅप बंद केलं. माझ्या शीटमध्ये ती एक ओळ होती. वापरणारे थोडे, सर्व्हरचा खर्च जास्त, तारीख ठरवा, बंद करा. मीच तारीख भरली. नंतर सपोर्टच्या ढिगात एक मेल होता, मराठीत, एका किराणा दुकानदाराचा. वडिलांनी त्यात उधारीची नोंद ठेवलेली, प्रत्येक गिऱ्हाइकापुढे काहीतरी लिहिलेलं: याला तगादा लावू नको, हिचा नवरा आजारी आहे. वडील आता नाहीत. ते परत मिळेल का, एवढंच विचारलं होतं.

डेटा तोवर पुसला गेला होता. मी नियमाप्रमाणे उत्तर पाठवलं. आम्ही जे बनवलं त्यात आम्ही न ठेवलेलं काहीतरी कुणीतरी ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. हॅस्ब्रोला ते १९८६ मध्ये कळलं. त्यांच्याकडे ऑप्टिमसला परत आणायची सोय तरी होती.

बरं, सीटचं पुढे काय झालं? मजा अशी की ती फार काळ रिकामी राहिली नाही. १९८७ मध्येच हेडमास्टर्स आले. यात एक लहान आकृती वाहनात बसायची आणि रोबोच्या वेळी दुमडून त्याचं डोकं व्हायची. हाकलून दिलेला चालक मागच्या दारानं घरात आला, तोही थेट डोक्यात! आणि २०१६ मध्ये ताकारा टोमीनं डायक्लोन ही मालिकाच नव्यानं सुरू केली, छोट्या चालकांसकट.

आपल्याकडे या वंशावळीतलं कोण पोचलं? थोरली पाती. एमआरएफ आणि हॅस्ब्रोच्या फनस्कूलनं भारतात जी. आय. जो बनवले आणि माझ्या मोठ्या मावसभावाकडे त्यातले दोन होते, एकाचा अंगठा तुटलेला. मला मात्र जत्रेतला बिननावाचा रोबो मिळाला. तो एकदाच गाडी झाला, परत रोबो झालाच नाही. तरी मी तो वर्षभर उशाशी ठेवला. म्हणजे मुलांना नावसुद्धा लागत नाही.

तर रिव्ह्यूचा निकाल. खेळणं म्हणून पाचपैकी तीन. मान वळत नाही, मुठी हरवतात. इतिहासाचं पुस्तक म्हणून घ्यायचं असेल तर बिनधास्त घ्या. त्याचा प्रत्येक विचित्रपणा कुठल्यातरी वर्षाची, कुठल्यातरी निर्णयाची खूण आहे.

भाचीला मी यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, आधी इथे एक माणूस बसायचा, आता तो नाही. ती म्हणाली, "मग याला एकटं वाटत असेल." आणि तिनं आत एक चिंचोका ठेवला. तो अजून तिथेच आहे. मघाशी खट्‌ खट्‌च्या मधे जो खुळखुळ आवाज येत होता ना, तो त्याचाच.

भेटू पुढच्या भागात. तोवर माळ्यावरचं एखादं जुनं खेळणं उतरवा आणि नीट उघडून बघा.