मुखत्यारनामा कोणाचा?

आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयाचा मी नऊ वर्षे विश्वस्त आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी इमारतीच्या सज्जाची तुळई खचली. हाताशी पैसा नव्हता, तेव्हा रस्त्याकडची पुढची खोली आणि तिच्या लगतची मोकळी जागा विकावी, असे बैठकीत ठरले. परवानगीचा अर्ज घेऊन मी धर्मादाय कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकाने आमच्या संस्थेचे परिशिष्ट एक, म्हणजे विश्वस्तांची आणि मालमत्तेची अधिकृत नोंद, काढले. नावे वाचली आणि विचारले, "यांत तुम्ही कुठे आहात?"

मी कुठेच नव्हतो. यादीत सात नावे होती. ती सातही माणसे मी लहानपणी पाहिलेली, आणि आता त्यांपैकी एकही हयात नव्हते. त्यानंतर आमच्याकडे दर पाच वर्षांनी निवडणूक झाली, पेढे वाटले गेले. पण बदल अर्ज, ज्याला त्या कार्यालयात सगळे 'चेंज रिपोर्ट'च म्हणतात, तो कोणी दाखल केला नव्हता. वाचनालय कागदोपत्री स्वर्गवासी मंडळी चालवत होती आणि आम्ही जिवंत सात जण त्रयस्थ होतो.

मी वैतागून परतलो. मग सवयीने जुने चाळू लागलो, तेव्हा ध्यानात आले की "तुम्ही कोण? कोणाच्या वतीने?" हा प्रश्न त्या लिपिकाचा नव्हता. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा एक मोठा अध्याय याच प्रश्नाने उघडला आहे.

पुणे सार्वजनिक सभेची स्थापना २ एप्रिल १८७० ची. आपण तिला राजकीय संस्था म्हणून ओळखतो. दुष्काळातील रयतेची गाऱ्हाणी, न्यायमूर्ती रानडे यांचे लेखन, सभेचे त्रैमासिक, हे सारे नंतरचे. सभा निघण्याचे निमित्त होते पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार. नानासाहेब पेशव्यांनी उभारलेल्या या देवस्थानाची व्यवस्था इंग्रजी अमलात पंचांकडे होती आणि त्या पंचांच्या कारभाराविषयी पुण्यात तक्रारी होत्या. तक्रार करणाऱ्यांपुढेही तोच पेच होता: पंच लोकांचे नव्हेत असे म्हणणारे तुम्ही तरी लोकांचे कशावरून?

गणेश वासुदेव जोशी हे पेशाने वकील. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेचाला वकिली उत्तर शोधले. सभेचा सभासद व्हायचे तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणायचा. सुमारे सहा हजार लोकांनी सह्या केल्या आणि पंचाण्णव जण सभासद झाले. औंधचे पंतप्रतिनिधी पहिले अध्यक्ष होते. मतदानाचा हक्क सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हता, त्या काळात पुण्यातल्या काही हजार माणसांनी 'हा माझ्या वतीने बोलेल' असे लिहून दिले. जोश्यांना लोक 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ त्यांच्या लेखी 'सर्वांसाठी' एवढाच नव्हता. 'सर्वांनी लिहून दिलेला' असाही होता. देवळाच्या हिशेबाविषयीच्या कुरबुरीतून प्रतिनिधित्वाची कल्पना उभी राहिली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत येते आणि निसटते.

मुखत्यारनामा हयात माणसांकडून घेता येतो. विश्वस्ताची खरी अडचण अशी की त्याला काम सोपवणारा माणूस बहुधा मेलेला असतो. त्याला विचारायला जाता येत नाही आणि त्याच्या नावावर काहीही खपवता येते. हे ओझे काय असते याचे आपल्याकडचे सर्वांत ठसठशीत उदाहरण ताईमहाराज प्रकरणाचे आहे.

पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळक जामिनावर सुटून तीनच दिवस झाले होते. मित्राच्या अंथरुणाशी ते गेले आणि मृत्युपत्रानुसार इतरांबरोबर विश्वस्त झाले. इस्टेट कर्जात होती. पुत्र झाला, पण तो जगला नाही. मृत्युपत्राप्रमाणे विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यायचा होता. जून १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ यांचे दत्तविधान झाले. पुढे ताईमहाराजांनी कोल्हापूरला दुसरा दत्तक घेतला. त्यातून दिवाणी दावे तर उभे राहिलेच, पण टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटलाही झाला. ऑगस्ट १९०३ मध्ये त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावली गेली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दिवाणी बाजू मात्र चालूच राहिली. १९१० मध्ये उच्च न्यायालयाने विरुद्ध निकाल दिला तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अखेर २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचा दत्तक ग्राह्य धरला.

म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे. हे प्रकरण टिळकांच्या चरित्रात सरकारी सूडाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहे. ताईमहाराजांची बाजूही विचार करण्यासारखी आहे. तरुण विधवेच्या घरात आणि खर्चात पाच परक्या पुरुषांचा शब्द चालणे तिला जाचक वाटले असेल तर नवल नाही. पण मला त्यात विश्वस्तपणाचे दोन्ही चेहरे दिसतात. ज्याने काम दिले तो बोलू शकत नाही, ज्यांच्यासाठी करायचे ते कृतज्ञ असतीलच असे नाही, आणि हात झटकून मोकळे व्हावे म्हटले तर दिलेला शब्द आडवा येतो.

पंडितांची इस्टेट खाजगी होती. सार्वजनिक न्यासांचे हिशेब पाहणारी यंत्रणा मुंबई इलाख्यात टप्प्याटप्प्याने आली. १९३५ मध्ये न्यासांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर त्याची जागा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ने घेतली. त्यातून धर्मादाय आयुक्त हे पद आले. आज कायद्याच्या नावात 'महाराष्ट्र' आहे, पण सांगाडा तोच. देऊळ, मठ, इस्पितळ आणि १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचे आमच्यासारखे वाचनालय, सगळे त्याच्या कक्षेत येतात. कलम २२ म्हणते, विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत कळवा. कलम ३६ म्हणते, स्थावर मालमत्ता विकायची किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची तर आधी मंजुरी घ्या.

या कायद्याला लगेच आव्हानही मिळाले. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देखरेखीचा आणि त्यासाठी न्यासांकडून वर्गणी घेण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. पण मूळ हेतू पार पाडणे शक्य असतानाही धार्मिक न्यासाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली. सोप्या मराठीत सांगायचे तर, सरकारने चौकीदारी करावी, दात्याच्या इच्छेत हात घालू नये.

आता पुन्हा आमच्या खचलेल्या सज्जाकडे येतो. परिशिष्टावर जिवंत माणसे आणायची तर प्रत्येक निवडणुकीचा बदल अर्ज, विलंबमाफीचा अर्ज, सभेची सूचना, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, संमतिपत्रे, एवढे लागणार होते. आम्ही माळ्यावरच्या ट्रंका उतरवल्या. एका कार्यकाळाचे इतिवृत्त वाळवीने निम्मे खाल्ले होते. उरलेल्या वह्या वाचताना पुढच्या खोलीचा उल्लेख सापडला. ती खोली आणि लगतची जागा गावातल्या एका विधवेने दिली होती. ठरावात अट नोंदली होती: या जागेत वृत्तपत्रे ठेवावीत आणि ती कोणालाही, सभासद नसला तरी, फुकट वाचू द्यावीत.

आम्हां सातांपैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते. त्या खोलीत वर्तमानपत्रे असतात, एस.टी.ची वाट पाहणारे लोक आणि स्पर्धा परीक्षांची मुले तिथे बसतात, ही आम्हांला नुसती वहिवाट वाटत होती. परिशिष्टावर आमची नावे आधीच असती तर हा ठराव शोधण्याची वेळच आली नसती आणि आम्ही मंजुरीसाठी अर्ज रेटला असता. मी ज्याला लालफीत म्हणत होतो, तिने आम्हांला मूळ कागदापाशी नेले. आणि एवढी वर्षे बदल अर्ज न करण्याचा दोष कार्यालयाचा नव्हता, आमचा होता. पेढे वाटले की आपण विश्वस्त झालो, असे आम्ही धरून चाललो होतो.

पुढच्या बैठकीत विक्रीचा ठराव मागे घेतला. तो एकमताने झाला नाही. दोघांचे म्हणणे होते की दिवंगत बाईंच्या अटीसाठी उद्या छत कोसळले तर जबाबदार कोण? हा आक्षेप पोकळ नाही. त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नव्हते आणि आजही नाही. आम्ही वर्गणी काढली. निम्मी रक्कम जमली आहे. सज्जाला तूर्त लोखंडी टेकू आहेत.

बदल अर्ज मंजूर होऊन गेल्या वैशाखात नवे परिशिष्ट हातात आले. वार्षिक सभेत एका वयस्कर सभासदाने सुचवले की त्याची प्रत दर्शनी भागात लावा, खाली वर्षाचा जमाखर्चही लावा. आम्ही ती पुढच्या खोलीत, वर्तमानपत्रांच्या टेबलावर, लावली आहे. सात नावे आहेत, माझे पाचवे. त्याखाली बाईंचा ठरावही टंकून लावला. परवा एक मुलगा तो वाचत उभा होता. वाचून झाल्यावर त्याने वर पाहिले आणि मला विचारले, "काका, मग पंखा कधी दुरुस्त करणार?"