चाकणचा बुरूज आणि मोबाइलमधली यादी

चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकून हा भाग ऐकत असाल, तर संग्रामदुर्ग तिथून फार लांब नाही. १६६० मध्ये शाहिस्तेखानानं या भुईकोटाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो सुमारे ५५ दिवस झुंजवला. शेवटी मोगलांनी भुयार खणलं, सुरुंग लावला, बुरूज उडवला. किल्ला पडला तो दरवाजाचं कुलूप फोडून नाही.

२०१४ ची गोष्ट अशीच आहे. फक्त कुलूप इंटरनेटचं.

मोबाइलवर बँकेचं पान उघडलं की फोन आधी विचारतो, तू खरंच बँक आहेस का? समोरून सर्टिफिकेट येतं, त्यावर एका संस्थेची डिजिटल सही असते. सही ओळखीची निघाली तरच एन्क्रिप्शनच्या किल्ल्या ठरतात आणि तुमचा पासवर्ड कुलूपबंद होऊन जातो. ओळखीच्या संस्थांची ही यादी फोनमध्ये आधीपासूनच भरलेली असते. शंभरावर नावं, आणि त्यातलं एकही आपण निवडलेलं नाही!

२ जुलै २०१४ ला गुगलला आपल्याच नावाची बनावट सर्टिफिकेटं सापडली. ती निघाली होती एनआयसीकडून, म्हणजे सरकारी वेबसाइट सांभाळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडून. एनआयसीच्या सहीला वजन होतं, कारण तिच्या मागे सीसीए होतं, आयटी कायदा २००० खाली नेमलेलं नियंत्रक कार्यालय. सीसीएनं दुसऱ्याच दिवशी एनआयसीची ती मधली (इंटरमीडिएट) सर्टिफिकेटं रद्द केली आणि नंतर सांगितलं की सर्टिफिकेट देण्याच्या प्रक्रियेतच शिरकाव झाला होता. एन्क्रिप्शन कोणी तोडलंच नव्हतं.

धोका कुणाला होता? मुख्यतः विंडोजला, कारण मायक्रोसॉफ्टच्या यादीत सीसीए होतं. अँड्रॉइड आणि आयफोनच्या यादीत नव्हतं. म्हणजे भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपच्या ऑफिसातला कॉम्प्युटर धोक्यात, आणि तिथल्याच हेल्परच्या खिशातला स्वस्त फोन सुरक्षित.

पुढे २०२३ मध्ये सरकारनं देशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली, बक्षिसं एकूण ३.४१ कोटींची. अट अशी की ब्राउझरच्या यादीत सीसीए हवंच. आपली सही आपल्या ब्राउझरमध्ये असावी हे मलाही पटतं. पण २०१४ मध्ये नेमकं काय घडलं, ते लोकांसमोर सविस्तर यायला हवं, असंही वाटतं.

आता तुमचा फोन. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स' शोधा. तिथे दोन भाग दिसतील, सिस्टिम आणि युजर. युजरमध्ये नंतर टाकलेली नावं असतात. कंपनीचं वाय-फाय जोडताना एखादी फाइल 'इन्स्टॉल कर' म्हणून दिली असेल, तर ती इथे सापडू शकते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून बहुतेक अ‍ॅप या भागावर विश्वास ठेवत नाहीत, पण क्रोम ठेवतो. म्हणजे त्या सर्टिफिकेटची खासगी किल्ली ज्याच्या हातात, तो त्याच वाय-फायवरून तुमचं ब्राउझिंग उघडून वाचू शकतो. कंपनीच्या फोनवर असेल तर आयटीवाल्यांना विचारा, हे कशासाठी? स्वतःच्या फोनवर अनोळखी नाव दिसलं, तर काढून टाका. फार तर ते वाय-फाय बंद पडेल.