मिश्र स्मृतिभ्रंशाची कुळकथा

एकाच मेंदूत दोन किंवा अधिक आजार घर करतात आणि त्यांच्या एकत्रित माऱ्याने विचारशक्ती ढासळते, तेव्हा त्याला मिश्र स्मृतिभ्रंश म्हणतात. उतारवयात हे सर्रास घडते, पण ते ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

१९०६ मध्ये अलोइस अल्झायमर यांनी जर्मनीतील ट्युबिंगन येथे एका स्त्रीच्या मेंदूत पेशींबाहेर साचलेले साठे आणि पेशींतले तंतूंचे गुंते वर्णन केले. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ती दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. एमिल क्रेपेलिन यांनी १९१० मध्ये या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. ती रुग्ण वृद्ध नसल्याने तो ऐन उमेदीतला दुर्मिळ आजार ठरला आणि म्हातारपणीच्या विस्मृतीचे खापर कठीण झालेल्या रक्तवाहिन्यांवर फुटत राहिले.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी १९६८ ते १९७० या काळात हा समज मोडला. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनात अनेकांच्या मेंदूत अल्झायमरच्याच खुणा होत्या, काहींत रक्तपुरवठा तुटून मेलेले भाग होते आणि काहींत दोन्ही.

दोन्ही एकत्र आले की काय होते, हे अमेरिकेतील नन्सच्या अभ्यासाने दाखवले. डेव्हिड स्नोडन यांच्या या अभ्यासात ६७८ नन्सनी नियमित स्मरणचाचण्या दिल्या आणि मरणोत्तर मेंदूदानाला संमती दिली. १९९७ मध्ये १०२ मेंदूंचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ६१ मेंदू अल्झायमरच्या निकषांत बसत होते. त्यांतही ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात रक्तपुरवठा तुटल्याने आलेल्या एक-दोन बारीक झटक्यांच्या खुणा होत्या, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण फार जास्त निघाले. अल्झायमर नसलेल्यांत मात्र झटक्यांचा परिणाम क्षीण होता.

पुढे या आजारांचे कुळ वाढत गेले. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये पाहिलेले पेशींतले गोळे आणि २००६ मध्ये ओळखले गेलेले टीडीपी-४३ प्रथिन यांचीही त्यात भर पडली. शिकागोच्या रश विद्यापीठाने २००७ मध्ये १४१ शवविच्छेदनांवरून दाखवले, की स्मृतिभ्रंश असलेल्या निम्म्याहून अधिक व्यक्तींत एकापेक्षा जास्त आजार होते. २०१८ मध्ये तिथेच हजाराहून अधिक मेंदूंत विकृतींच्या २३०हून जास्त जुळण्या आढळल्या.

म्हणून अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचे साठे हटवणारे औषध या आजारांपैकी एकाच आजारावर चालते. रक्तवाहिन्यांमुळे होणारे नुकसान मात्र रक्तदाब व मधुमेह काबूत ठेवून आणि तंबाखू सोडून आजही कमी करता येते.